पहिली खुर्ची रिकामी ठेवायची का?

(पत्र लांब होतं, जागेअभावी कापलं आहे.)

"ताई, मी वसईचा, सत्तरी ओलांडलेला. गावच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट शिकलो. पुढे मुंबईत हॉटेलं केली, फिल्मची रेकॉर्डिंगं केली. कामं आटल्यावर आम्ही काही जुन्या-नव्यांनी मिळून एक बिग बँड उभा केला. सतरा जण, जॅझ वाजवतो, वर्षाला चार-पाच कार्यक्रम होतात. मी दुसरा ट्रम्पेट. पहिला ट्रम्पेट गोव्याचा, माझ्याहून मोठा. त्याला आम्ही सगळे पात्रांव, म्हणजे कोकणीत मालक, म्हणायचो. स्टुडिओतही आम्ही शेजारीच असायचो, त्यामुळे बायकोपेक्षा त्याच्या शेजारी मी जास्त बसलो असेन.

एका थर्टी-फर्स्टला शेवटच्या नंबरात वरचा स्वर त्याच्याकडून निघाला नाही. तोच तुकडा परत आला तेव्हा मी त्याला न विचारता तो स्वर घेतला. लोकांना काही कळलं नाही. तेव्हाच्या बँडलीडरने मात्र माझ्याकडे बघून अंगठा वर केला आणि ते पात्रांवने पाहिलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं म्हणजे बारचे, म्हणजे कागदावर मोजून आखलेल्या तालाच्या घरांचे, नंबर. 'चाळीसला हळू.' 'बासष्टला श्वास घेऊ नको.' घरी येणं-जाणं बंद. शेजारी बसणं मात्र चालूच. अशी कैक वर्षं गेली. गेल्या महिन्यात तो गेला.

आता त्याची मुलगी परदेशातून आली आहे. महिन्याच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, मी चार शब्द बोलावे म्हणते. सध्याचा बँडलीडर, तरुण आहे, आठवणीचा कार्यक्रम करतोय. पहिली खुर्ची रिकामी ठेवायची, तिच्यावर फोटो आणि हार, आणि ट्रम्पेट आम्ही उरलेल्या तिघांनीच वाजवायचे, असं त्याच्या मनात आहे. एका संथ गाण्यात पात्रांवचा सोलो असायचा, वर्षानुवर्षं तोच, एक स्वर इकडचा तिकडे नाही. तो मी वाजवावा, असंही तो म्हणतो. जसाच्या तसा वाजवू की माझा वाजवू? पात्रांवची बायको त्याचा ट्रम्पेट मला देऊ करतेय. घेऊ का? आणि चर्चमध्ये बँडचा कोट घालून गेलेलं चालेल का?

चौथ्या खुर्चीवर एक तेवीस वर्षांचा मुलगा आहे. त्याला वरचे स्वर हसत-खेळत लागतात. पण त्याचं नाव कुणी काढत नाही.

— दुसरा ट्रम्पेट, वसई"

तुमचे प्रश्न मोजून लिहिलेत, पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला वाटलं की एक प्रश्न तुम्ही कागदावर येऊ दिलेला नाही. त्याकडे येते. आधी खुर्ची, कारण रिहर्सल तोंडावर आली असेल.

खुर्ची रिकामी ठेवू नका. बँडलीडरची भावना चांगली आहे, पण तो कार्यक्रम फोटोत कसा दिसेल ते बघतोय, कानाला कसा लागेल ते बघत नाहीये. तुम्हाला मी हे सांगणं आगाऊपणाचं आहे, तरी बाकीच्या वाचकांसाठी सांगते. सतरा जणांच्या बँडात चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम्स. चार ट्रम्पेट एकत्र वाजतात तेव्हा सर्वांत वरचा स्वर पहिल्याचा, आणि ऐकणारा घरी जाताना जी चाल गुणगुणतो ती तीच. बाकीचे तिघे तिच्याखाली भरतात. वरचा काढून घेतला की जे उरतं त्याला चाल नाही, नुसता भराव आहे. शिवाय स्वर कुठे तोडायचा, किती ताणायचा, ड्रमच्या किती मागे रेंगाळायचं हे पहिला ट्रम्पेट ठरवतो आणि सगळा ब्रास, पुष्कळदा सॅक्सोफोनसुद्धा, त्याच्या मागोमाग जातो. म्हणजे लोक दोन तास पात्रांवांच्या फोटोकडे बघणार आणि त्यांनी जन्मभर जे सांभाळलं ते मोडलेलं ऐकणार. पालखीचा पुढचा भोई गेला म्हणून दांडा मोकळा सोडून कुणी पालखी काढत नाही.

मोठमोठ्या बँडांत माणसं गेली, सोडून गेली, मेली, आणि खुर्च्या चालत राहिल्या. ड्यूक एलिंग्टन या अमेरिकन जॅझ बँडलीडरच्या बँडमध्ये सुरुवातीला बबर माइली हा ट्रम्पेटवाला होता. मोरी तुंबली की वापरतात त्या पंपाची रबरी वाटी ट्रम्पेटच्या तोंडावर धरून तो वाद्यातून गुरगुर काढायचा, आणि एलिंग्टनचा बँड त्या गुरगुरीनेच ओळखला जायचा. १९२९ मध्ये माइली बँडमधून गेला आणि त्याच्या जागी कूटी विल्यम्स आला, तोवर असलं काही न वाजवलेला. त्याला कुणी 'बबरसारखं वाजव' म्हणून सांगितलं नाही. बँडात बसून, शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्याची गुरगुर ऐकून त्याचं त्यालाच उमगलं की ही खुर्ची काय मागते, आणि त्याने ती कला उचलली. इतकी, की १९४० मध्ये एलिंग्टनने खास त्याच्यासाठी रचना लिहिली. त्याच वर्षी कूटीही गेला, तेव्हा त्याच्या जाण्यावर रेमंड स्कॉट या दुसऱ्या बँडवाल्याने एक रचना केली! कूटीच्या जागी रे नान्स आला. माइलीची आठवण त्या बँडात कुठे राहिली असेल तर ती त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या हातातल्या रबरी वाटीत.

तेव्हा पहिल्या खुर्चीवर त्या तेवीस वर्षांच्या मुलाला बसवा, आणि हे तुम्ही सुचवा. तुम्ही सुचवल्याशिवाय होणार नाही. तुमच्या वयाला मान देऊन सगळे गप्प बसले असतील. त्याच्या जागी चौथ्या खुर्चीसाठी माणूस बाहेरून आणा. वसईत ट्रम्पेटवाला मिळणार नाही असं मला कुणी सांगू नये. तुम्ही मात्र दुसऱ्याच खुर्चीवर राहा. पहिल्याला काय हवं असतं हे आता त्या बँडात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि त्या मुलाला नेमकी त्याचीच गरज आहे. वरचे स्वर त्याला लागतात, म्हणता. पात्रांव बासष्टला श्वास का घेऊ द्यायचे नाहीत, हे त्याला अजून कुठे माहीत आहे?

फोटो दारापाशी ठेवा, हार घाला, मेणबत्ती लावा. आणि रिकामेपण दाखवायचंच असेल तर एकच नंबर असा निवडा की ज्यात ट्रम्पेट मुळात गप्प आहेत. एलिंग्टनचाच दाखला देते. त्याचा जोडीदार बिली स्ट्रेहॉर्न मे १९६७ मध्ये गेला. १९३९ पासून दोघं एकत्र लिहीत होते, कुठला सूर कुणाचा हे सांगता येऊ नये इतकं एकमेकांत मिसळून. त्याच वर्षी एलिंग्टनने स्ट्रेहॉर्नच्या रचनांची एक अख्खी तबकडी केली. पूर्ण बँड, पूर्ण ताकद, खुर्च्या सगळ्या भरलेल्या. एका सत्राच्या शेवटी वादक आवराआवर करत असताना एलिंग्टन एकटाच पियानोवर बसून स्ट्रेहॉर्नचं 'लोटस ब्लॉसम' वाजवू लागला. मागे माणसांचं बोलणं, सामान हलवल्याचे आवाज ऐकू येतात. ते पुसून परत नीट वाजवता आलं असतं. त्यांनी तसंच ठेवलं. (हा बँड १९६३ मध्ये आपल्याकडेही आला होता, स्ट्रेहॉर्नसकट. तुम्ही तेव्हा शाळेत असाल.) बँडने आधी काम केलं आणि मग एकाने एकट्याने वाजवलं, हा क्रम मला फार योग्य वाटतो. तुमच्याकडेही तसं करता येईल: पियानोवाल्याला शेवटी दोन मिनिटं द्या.

आता सोलो. जसाच्या तसा की स्वतःचा, हा वाद जुना आहे. जॅझमध्ये दुसऱ्याचा सोलो स्वर न् स्वर वाजवणं म्हणजे नक्कल, असं मानणारे बरेच आहेत. पण बिग बँडची रीत थोडी वेगळी आहे. 'टेक द ए ट्रेन'चं पहिलं गाजलेलं ध्वनिमुद्रण १९४१ चं. त्यातला रे नान्सचा ट्रम्पेट सोलो लोकांच्या कानात इतका बसला की तो रचनेचाच भाग झाला आणि पुढे ते गाणं वाजवणारे अनेक जण तो जवळजवळ तसाच वाजवत आले. पात्रांव वर्षानुवर्षं एक स्वरही बदलत नव्हते, असं तुम्हीच लिहिता. याचा अर्थ तो त्यांचा त्या त्या रात्रीचा विचार नव्हता, त्यांनी तो बसवला होता. बसवलेली चीज बसवली तशी वाजवावी, असं माझं मत. फक्त त्यांच्या आवाजाची नक्कल करू नका. ओठ तुमचे, दात तुमचे, फुंकर तुमची. सोलो त्यांचा आणि आवाज तुमचाच राहू द्या.

पण खरी अडचण ही नाहीच, हे मला वाटतं तुम्हालाही ठाऊक आहे. एकदा तुम्ही त्यांचा स्वर न विचारता घेतलात. आता तुम्हाला त्यांचा सोलो घ्यायला सांगताहेत आणि विचारायला ते नाहीत. तुमचा हात तिथे अडलाय. जसाच्या तसा की माझा, ही वरवरची गोष्ट झाली.

म्हणून या वेळी विचारा. पात्रांवांच्या बायकोला विचारा. घरी जा, फोनवर नको. त्यांना सांगा की बँडलीडर असं म्हणतोय, मला वाजवायचा आहे पण तुम्ही हो म्हणाल तरच. त्या थर्टी-फर्स्टची गोष्ट त्यांना माहीत असणार. वादकाच्या बायकोला असल्या गोष्टी माहीत नसतात असं समजू नका. तुम्ही यायचे कधी बंद झालात हेही त्यांच्या चांगलं लक्षात असेल. त्या विषय काढतील तर ऐकून घ्या आणि तुमची बाजू मांडायला बसू नका. नाही काढला तर तुम्हीही उकरू नका. त्या हो म्हणाल्या तर वाजवा. नाही म्हणाल्या, किंवा 'बघू' म्हणून गप्प झाल्या, तर तो सोलो एखाद्या सॅक्सोफोनवाल्याला द्या आणि बँडलीडरला कारण सांगत बसू नका. दोन्हींतलं काहीही झालं तरी तुमचं काम झालं.

तुमची चूक होती का, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून निकाल देणार नाही. एवढंच म्हणते की दुसऱ्याने पहिल्याला सावरायचं ही त्या खुर्चीची नोकरीच आहे. पहिल्याचे ओठ थकले की वरचे तुकडे वाटून घेणं जगभरच्या ट्रम्पेटवाल्यांत चालतं. फरक इतकाच की ते ठरवून होतं, निदान नजरेने तरी. आणि तो अंगठा दाखवला गेला नसता तर कदाचित दुसऱ्याच दिवशी तुम्ही दोघं त्यावर हसला असता. या सगळ्यात मला राग येतो तो त्या अंगठ्याचा.

आता चर्चमधलं बोलणं. आधी फादरना विचारून घ्या. मिस्सामध्ये प्रवचन फादरचंच. घरच्यांनी किंवा मित्राने बोलायचं ते शेवटाकडे, आणि थोडक्यात. तीन-चार मिनिटं धरा. लिहून न्या, मोठ्या अक्षरात, पानाच्या एकाच बाजूला. बिग बँडची सवय असलेल्याला समोर कागद असला की धीर येतो.

काय लिहायचं? तुमच्या आधी-नंतर बोलणारे सांगतील की ते दिलदार होते, हसतमुख होते, देवभीरू होते. असतीलही. ते त्यांच्यावर सोडा. तुम्ही असं काही सांगा जे त्या चर्चमध्ये बसलेल्या दुसऱ्या कुणाला सांगताच येणार नाही, कारण त्यांच्या डाव्या की उजव्या खांद्याला तुम्ही एकटेच होतात. बायकोने त्यांना घरात पाहिलं, मुलीने सुटीत पाहिलं, प्रेक्षकांनी समोरून पाहिलं. अवघड तुकडा येण्याआधी ते काय करायचे? पाय हलवायचे? ट्रम्पेटच्या कळा, म्हणजे व्हॉल्व्ह, उगाच दाबून बघायचे? स्टुडिओत तास न् तास वाट बघताना काय खायचे, कुणाला शिव्या घालायचे? (चर्चमध्ये सांगण्याजोग्या तेवढ्याच घ्या.)

हे आठवायला एक साधन तुमच्या हाताशी आहे. बँडलीडरकडून पहिल्या ट्रम्पेटची फाइल मागून घ्या. तिच्यातल्या प्रत्येक पार्टवर, म्हणजे त्यांच्या वाद्यापुरत्या लिहिलेल्या कागदावर, पात्रांवांची पेन्सिल असणार: इथे श्वास, इथे नको, ड्रमरकडे बघ, पान लवकर उलट. वादक स्वतःसाठी लिहितो तेव्हा दिखावा नसतो, दुरुस्त्या असतात आणि कधी कधी तिरकस शेरे असतात. एक संध्याकाळ ती फाइल घेऊन बसा. भाषण तिथेच सापडेल असं मला वाटतं. दोन-तीन खुणा तशाच्या तशा वाचून दाखवा आणि त्यांचा अर्थ संगीत न कळणाऱ्यांना एकेका वाक्यात सांगा. आणि त्या संथ गाण्याच्या पार्टची झेरॉक्स काढून मुलीला द्या. मूळ कागद बँडमध्येच राहू द्या, त्या मुलाला लागणार आहे.

त्यातच ते बारचे नंबरही सांगा, असं मी म्हणेन. भांडण सांगू नका. ते तुमचं दोघांचं आहे आणि मिस्साला आलेल्या माणसांचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण 'पुढे पुढे आम्ही फार बोलत नसू, बोललो तर बारचे नंबर बोलायचो' हे वाक्य खरं आहे, त्यात कुणाचा अपमान नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना ते पुरेल. लुई आर्मस्ट्राँग या जगप्रसिद्ध जॅझ ट्रम्पेटवाल्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. १९२२ मध्ये तो शिकागोला किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये आला तो दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटचंच आखूड भावंड) म्हणून. ऑलिव्हर पहिला, गुरू, न्यू ऑर्लीन्सपासूनचा आदर्श. दोघं मिळून अचानक जोडीने ताना घ्यायचे आणि लोकांना कळायचं नाही की हे न ठरवता जमतं कसं. जमायचं ते असं, की ऑलिव्हर पुढची तान बोटांनी व्हॉल्व्हवर आधीच दाखवून ठेवायचा आणि आर्मस्ट्राँग तेवढ्यावरून तिच्याखालचा दुसरा सूर पकडायचा. शब्द नाहीच. दुसरा पहिल्याहून वरचढ आहे हे ऑलिव्हरलाही माहीत होतं. १९२३ मध्ये पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याचा आवाज ऑलिव्हरवर चढू नये म्हणून त्याला बराच मागे उभं केलं होतं, असं त्या बँडची पियानोवादक लिल हार्डिन सांगायची. १९२४ मध्ये तो बाहेर पडला. ऑलिव्हरचे पुढे हिरड्या आणि दात गेले, वाजवणं गेलं, आणि १९३८ मध्ये तो सव्हाना गावात हलाखीत वारला. आर्मस्ट्राँग जन्मभर त्याला 'पापा जो' म्हणत राहिला आणि मला जे येतं ते त्याच्यामुळे, असं सांगत राहिला. कोण वरचढ होतं ते सगळ्या जगाला ऐकू येत होतं. त्याने ते कधी तोंडाने म्हटलं नाही.

पात्रांवांचा स्वर कधी फुटला नाही असं कुणी बोललं तर मान डोलावू नका, खोडूनही काढू नका. ट्रम्पेटमध्ये कंप पावतात ते माणसाचे ओठ. वय झालं, दात हलले की आधी जातात ते वरचे स्वर. पहिला ट्रम्पेट इतकी वर्षं तिथे टिकला, हेच सांगण्यासारखं आहे, आणि ते खरंही आहे.

एक गोष्ट मात्र भाषणात नसली तरी कागदावर हवी. ती मुलीसाठी. तुमच्या पिढीच्या वादकांची नावं तबकड्यांवर आली नाहीत, पडद्यावर आली नाहीत. चिक चॉकलेट, म्हणजे आल्दोनाचा अँटोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त १९५१ मध्ये बँडसकट पडद्यावर दिसला, म्हणून निदान तो लोकांना आठवतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस लोकांना ठाऊक झाले ते अपघाताने: त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालांनी १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात गुरूचं नाव घातलं. आजही बहुतेक जण ते नाव बच्चनच्या पात्राचं समजूनच गातात. बाकीचे शेकडो असेच गेले. गोव्यात चर्चच्या शाळेत सोलफेजिओ, म्हणजे स्वरलिपी गाऊन वाचणं, घोकून, व्हायोलिन किंवा कॉर्नेट शिकून मुंबईला यायचं, धोबीतलावला आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, ट्रंक ठेवायची आणि काम शोधायचं, हा त्या लोकांचा ठरलेला रस्ता होता. पात्रांव त्याच रस्त्याने आले का, कुठल्या गावच्या कुडात राहिले, पहिलं काम कुणी दिलं, हे मुलीला कितपत माहीत असेल? बाप घरी कामाचं फार बोलत नाही, आणि मुलं विचारायला लागतात तोवर उशीर होतो. तुम्हाला जे माहीत आहे ते सनावळीसकट लिहून द्या. कुठल्या गाण्यांत त्यांचा ट्रम्पेट आहे तेही लिहा, पण ज्या रेकॉर्डिंगला तुम्ही स्वतः शेजारी होतात तेवढीच. 'त्या गाण्यातला ट्रम्पेट माझा' असं सांगणारे या शहरात एकेका गाण्यामागे चार-चार भेटतात. तुमच्या यादीत दहाच गाणी असली तरी ती पक्की असू द्या.

ट्रम्पेट घ्या, पण आजच नको. महिन्याभरात घरातलं सामान वाटून टाकलं की नंतर हळहळ होते, आणि बाई आत्ता सगळंच द्यायला निघालेल्या असतील. त्यांना म्हणा, सहा महिन्यांनी मी परत विचारेन. तेव्हाही द्यावासा वाटला तर नेईन. तोवर दर पंधरा दिवसांनी जाऊन व्हॉल्व्हना तेल घाला आणि स्लाइड, म्हणजे सरकत्या नळ्या, हलवून ठेवा, नाहीतर पेटीत ते गच्च बसतील. तेल घालायला गेलात की चहा होईलच, आणि बंद झालेलं येणं-जाणं सुरू होईल ते वेगळंच. पुढे तो तुमच्याकडे आला तर कपाटात ठेवू नका. वाजवा, किंवा गावच्या बँडमधल्या एखाद्या पोराला वाजवायला द्या. माउथपीस मात्र घरच्यांकडेच राहू दे. तो दुसऱ्याच्या ओठाला तसाही बसत नाही, आणि मुलीला परत जाताना खिशातून नेता येईल.

आणि हो, कोट. बँडचा कोट घालूनच जा, सगळे सोळा जण. मिस्साला काळा-पांढराच हवा असं कुणी म्हणालं तर फादरना सांगा की हा आमचा कामाचा कपडा आहे; बहुतेक ते हसतील. बो-टाय चर्चमध्ये नको, ती कार्यक्रमाला लावा. फक्त आधी घरी घालून बघा. बिग बँडवाल्यांचे कोट सहसा पंधरा वर्षांपूर्वी शिवलेले असतात, आणि बटण लागत नसेल तर शिंप्याला आठवडा तरी द्यावा लागेल.